झुडपी जंगलातल्या शिळावर्तुळांची नोंद आणि देखरेख: एका शिक्षकाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा तालुक्यात तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला झुडपी जंगलाचा मुरमाड माळ आहे. तिथे मोठमोठ्या धोंड्यांची दहा-बारा वर्तुळं आहेत, म्हणजे लोहयुगातल्या दफनांची मानली जातात तशी शिळावर्तुळं. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या वर्तुळाचा मधला भाग गुडघाभर उंच आहे आणि त्या उंचवट्याच्या मधोमध एक खळगा पडलाय. शेजारून मुरूम उचलणं सुरू झालंय, म्हणून तुम्हाला हे सगळं नोंदवून ठेवायचंय. तुम्ही शाळेत शिक्षक आहात, नववी-दहावीची मुलं मदतीला आहेत, हाताशी मोबाइल आणि टेप आहे. ड्रोन भाड्याने आणावा का, ॲप कुठलं घ्यावं, आणि आत काय आहे ते कळायला थोडं खोदून पाहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तो विषय बाजूला होईल. खोदायचं नाही. हातभरही नाही, आणि त्या खळग्यातली माती 'साफ' करायची असेल तरीही नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची जुनी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक अडचण राहतेच. विदर्भातल्या या वर्तुळांत, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशा ठिकाणी, जे मिळालं त्याचा अर्थ लागला तो वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी, कुठल्या बाजूला होती यावरून. काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याचे तांब्याचे दागिने, कार्नेलियनचे (तांबूस दगडाचे) मणी यांची एकमेकांशी असलेली मांडणी हीच खरी माहिती आहे. मणी बाहेर काढला की तो नुसता मणी राहतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही साधनांबद्दल विचारलंय, पण मला अडचण दुसरीकडे दिसते. तुम्ही उद्या शंभर सुंदर फोटो काढाल. पाच वर्षांनी तुमची बदली झालेली असेल, एखादा धोंडा जागेवर नसेल आणि कुणी विचारेल, "होता कशावरून?" त्या वेळी तिसऱ्या माणसाला तुमचे कागद घेऊन त्याच जागी उभं राहता आलं पाहिजे, तेच माप पुन्हा घेता आलं पाहिजे आणि काय बदललं ते सांगता आलं पाहिजे. तुलना करता येईल अशी नोंद हवी. ड्रोनने ती आपोआप होत नाही, आणि टेप-ओळंब्याने व्यवस्थित होते. पुढे जे सांगतोय ते सगळं याच एका कसोटीवर घासून घ्या.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यात पहिली जमीन कुणाची ही. सातबारा काढा आणि तलाठ्याकडून गट नंबर पक्का करून घ्या. झुडपी जंगल हा पूर्व विदर्भातला महसुली नोंदीतला जुना प्रकार आहे. हलकी मुरमाड जमीन, खुरटी झुडपं, शेतीला निरुपयोगी म्हणून गुरांना सोडलेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच धरावं असा निकाल दिला. त्यामुळे मुरमाच्या उचलीविरुद्ध तुमच्या हातात बळ आहे, पण तुम्हालाही वनविभागाला विचारूनच काम करावं लागेल. एखादं वर्तुळ खासगी शेताच्या धुऱ्यात अडकलेलं असेल तर मालकाची संमती लेखी घ्या. दुसरा प्रश्न असा की तुमची वर्तुळं संरक्षित यादीत आहेत का? नागपूरजवळ काटोल रोडवरचा जुनापाणीचा वर्तुळसमूह केंद्राच्या यादीत आहे. तिथे स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र लागू होतं. पण विदर्भातली कितीतरी वर्तुळं कुठल्याच यादीत नाहीत. तुमची तशी असतील तर तुमची नोंद हाच त्यांच्या असण्याचा पहिला कागद ठरू शकतो. म्हणून राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला सुरुवातीलाच पत्र द्या आणि पोच घ्या.

प्रत्यक्ष कामाआधी घरी बसून एक काम करा. गूगल अर्थवर तुमचा माळ शोधा आणि जुन्या प्रतिमांची पट्टी मागे सरकवा. मोठी वर्तुळं उन्हाळ्यातल्या प्रतिमेत बहुधा ठिपक्यांच्या कड्यासारखी दिसतात. मुरमाची खाण कधी सुरू झाली, कुठल्या बाजूने पुढे सरकली, मध्ये एखादं वर्तुळ गायब झालं का, हे तारखेसह हाती लागतं. तुमच्या देखरेखीची सुरुवात अशी काही वर्षं मागून होते, तीही फुकट.

जायचं कधी? फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यानंतर कुसळी गवत कमरेएवढं असतं, धोंडे दिसत नाहीत आणि साप दिसत नाहीत. गवत वाळून गुरांनी खाल्लं की जमीन उघडी पडते. दुसरी फेरी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. ती मापांसाठी नसून घळी आणि वाहून आलेली माती पाहण्यासाठी. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसते. उंचवट्यावर मातीचा थर पातळ आणि खाली दगडांची भर, त्यामुळे तिथलं गवत आजूबाजूच्या आधी पिवळं पडतं. वरून काहीच न दिसणारं, धोंडे पळवलेलं वर्तुळही कधी कधी या पिवळ्या चकतीमुळे सापडतं. भर पावसाळ्यात मात्र मुलांना घेऊन नाले ओलांडू नका. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. आपल्या विषयातला हा पहिला बळी असावा.

पहिल्या दिवशी काहीही मोजायचं नाही. नुसतं फिरायचं आणि कच्चा नकाशा काढायचा. एकूण वर्तुळं किती, कुठलं कुठल्याशी चिकटलेलं, पायवाट कुठून जाते, पळस-बोरी कुठे उगवल्यात. प्रत्येक वर्तुळाला क्रमांक द्या, पण कागदावर. धोंड्यावर ऑइलपेंटने आकडे टाकायचे नाहीत, खडूनेही नाही. मोबाइलमधलं जीपीएस मोकळ्या माळावरही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. दोन वर्तुळं शेजारी-शेजारी असतील तर नुसत्या अक्षांश-रेखांशावरून कुठलं कुठलं ते कळणार नाही. म्हणून वर्तुळाच्या मध्याचं स्थान दशांश अंशात पाच स्थळांपर्यंत लिहा आणि जोडीला ढळढळीत खुणांपासूनचं अंतर द्या: विजेचा खांब क्रमांक अमुक, विहिरीच्या कठड्याचा पूर्व कोपरा. उत्तर दिशा काढताना मोबाइल धोंड्यावर ठेवू नका. आपला काळा पाषाण बेसाल्ट आहे आणि त्यातल्या लोहखनिजामुळे होकायंत्र भरकटतं. चार-पाच पावलं लांब उभं राहून दिशा घ्या आणि वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा घेऊन जुळते का ते पाहा.

नंतर मोठं वर्तुळ घ्या. वर्तुळाबाहेर, कुणाच्या पायात येणार नाही अशा दोन जागा ठरवा. जमिनीतच पक्का असलेला खडक मिळाला तर उत्तम, नाही तर परवानगीने बाहेरच्या बाजूला दोन खुंट्या. या दोन स्थिर बिंदूंमधलं अंतर एकदा नीट मोजा. मग प्रत्येक धोंड्याच्या मध्यापर्यंत दोन्ही बिंदूंपासून अंतर घ्या. दोन अंतरं आली की कंपासने कागदावर धोंड्याची जागा पक्की होते, आणि हे दहावीच्या मुलांना तुम्हाला समजावून सांगावंही लागणार नाही. १:१०० प्रमाण घ्या, म्हणजे १५ मीटरचं वर्तुळ आलेखाच्या कागदावर १५ सेंटिमीटरमध्ये बसतं. टेप आडवा ताणून धरा. उंचवट्यावरून वाकवून घेतलेलं अंतर नेहमी जास्त भरतं.

धोंड्यांना उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्या. प्रत्येकाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची, उभा की कललेला की आडवा, एवढं टिपा. कललेल्या धोंड्यासाठी गवंड्याचा ओळंबा वापरा. माथ्याच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून धोंड्याच्या पायथ्यापर्यंतचं आडवं अंतर लिहा. पुढच्या वर्षी हा आकडा वाढला तर धोंडा सरकतोय. मात्र मे महिन्याच्या मापाशी मे महिन्याचंच माप ताडून पाहा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायाशी काळी असेल तर धोंडा ऋतूप्रमाणे थोडा हलतोच. निव्वळ मुरमात रोवलेला धोंडा असा हलत नाही, तो हलला तर कुणीतरी किंवा कशानेतरी हलवलेला असतो.

उंचवट्याची उंची मोजायला डम्पी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) नसली तरी अडत नाही. गवंडी पातळी काढायला वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. स्थिर बिंदूपासून सुरुवात करून उंचवट्याच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन रेषा घ्या आणि दर मीटरला उंची लिहा. खळग्यातून जाताना दर पाव मीटरला. या दोन काटछेदांमध्ये पुढे होणारी झीज, भर, खोदाई सगळं उमटतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त वगळली जाणारी गोष्ट सांगतो. मोजणीच्या पहिल्याच दिवशी तेच माप दोन वेगवेगळ्या जोड्यांकडून घ्या, दुसऱ्या जोडीला पहिलीचे आकडे न दाखवता. दोन्हींत जो फरक येईल तो तुमच्या पद्धतीतला दोष. समजा चार सेंटिमीटर फरक आला, तर पुढच्या वर्षी तीन सेंटिमीटरने काही 'बदललं' म्हणून तक्रार करता येणार नाही. दहाने बदललं तर ठामपणे करता येईल. हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. माझ्या अनुभवात अधिकारी नकाशा किती सुंदर आहे ते बघत नाही, "माप चुकलं असेल" एवढंच म्हणतो. त्याला उत्तर या आकड्यात आहे.

फोटोंचंही तेच. स्थिर बिंदूंवर उभं राहून, कॅमेरा छातीच्या उंचीवर, झूम न करता, ठरलेल्या दिशेला, पट्टी आणि उत्तर दर्शवणारा बाण ठेवून काढा. लाकडी पट्टीवर दर २० सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिला की झालं काम. पुढच्या फेरीला जुना फोटो मोबाइलवर उघडून मागचं झाड, खांब, टेकडीची रेघ जुळवूनच बटण दाबा. काही वर्तुळांतल्या धोंड्यांवर वाटीसारखे खोलगट ठसे कोरलेले असतात. जुनापाणीचे असे ठसे प्रसिद्ध आहेत. ते दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात दिसत नाहीत. सकाळी सूर्य वर आल्या आल्या पाहा, किंवा सावलीत बॅटरीचा उजेड अगदी तिरका टाका. ठशांत पिठी किंवा खडू भरून उठाव आणणं बंद करायला हवं. ते कण भेगांत बसतात आणि पुढच्या अभ्यासकाला तो दगड खराब मिळतो.

मोबाइलवरून त्रिमितीय प्रतिकृती बनवायची असेल तर जरूर बनवा. ढगाळ दिवस निवडा, वर्तुळाभोवती दोन फेऱ्या मारा आणि प्रत्येक फोटो मागच्यावर निदान ७० टक्के चढेल असा घ्या. पण ज्ञात लांबीच्या दोन पट्ट्या आणि ते स्थिर बिंदू चित्रात आलेच पाहिजेत, नाही तर दोन वर्षांच्या प्रतिकृती एकमेकींवर बसवताच येणार नाहीत. गवत असेल तर यंत्र गवताचा माथा मोजतं, जमीन मोजत नाही. ड्रोनबद्दल माझं मत विचारलंत तर पहिल्या वर्षी नको. २०२१ च्या नियमांप्रमाणे कुठल्या पट्ट्यात उडवता येतो ते डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहावं लागतं, नागपूर विमानतळाच्या आसपास परवानगीची भानगड आहे, आणि भाड्याच्या पैशात तुमच्या टेप, पट्ट्या, नळी, कागद असं सगळं येतं. सगळा समूह एकाच चित्रात हवा असेल तर पुढे कधीतरी आणा.

त्या खळग्याविषयी. अशा उंचवट्याच्या मध्यावरचा खळगा तीन कारणांनी पडतो: आतली भर खचल्याने, जुन्या खोदाईने, किंवा गुप्तधनाच्या नादाने. एकोणिसाव्या शतकातही आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांनी बरीच वर्तुळं मधोमध फोडून पाहिली आहेत. रिव्हेट-कार्नॅकने जुनापाणीला खोदलं, तिथलंच शास्त्रीय उत्खनन बी. के. थापर यांनी केलं ते १९६१-६२ मध्ये. म्हणजे खळगा दिसला की लगेच चोर आले असं समजू नका. काठाकडे बघा. जुन्या खड्ड्याचा काठ गोलसर झालेला असतो, उतारावर गवताची मुळं धरलेली असतात, काढलेल्या मातीचा ढीग एका बाजूला बसून जमिनीशी एकजीव झालेला असतो. ताज्या खड्ड्याची कड धारदार, मुरूम तांबडा-भडक, कापलेल्या मुळांची टोकं पांढरी. जवळपास लिंबू, कुंकू, अगरबत्तीची काडी पडलेली असेल तर वेगळं सांगायला नको. धोंड्यांचंही असंच. वर्षानुवर्षं उघड्यावर असलेल्या बाजूवर करड्या दगडफुलाचे चट्टे असतात आणि मातीत असलेल्या बाजूला तांबूस मातीची पुटं. पुटं चढलेली बाजू वर आलेली दिसली तर तो धोंडा अलीकडेच उलटवलाय. जवळच ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत का पाहा, बांधाला किंवा पायाला धोंडे नेण्याची सुरुवात अशीच होते.

ताजी खोदाई दिसली तर खड्डा बुजवू नका, आत उतरू नका. फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, पोलीस पाटलांना सांगा आणि वनविभाग व पुरातत्त्व कार्यालयाला लेखी कळवा. पृष्ठभागावर मडक्यांचे तुकडे पडलेले असतील तर पट्टी ठेवून आहे तिथेच फोटो घ्या. मुलं खिशात घालतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि अचूक जीपीएस स्थान व्हॉट्सॲप गटांवर किंवा फेसबुकवर टाकू नका. "आमच्या गावचा तीन हजार वर्षांचा ठेवा" असा कौतुकाचा मजकूर गुप्तधनवाल्यांना आमंत्रण ठरतो. तालुक्याचं नाव पुरे.

झाडोऱ्याच्या बाबतीत घाई नको. उंचवट्यावर घाणेरी माजली असेल तर परवानगीने जमिनीलगत छाटा, उपटू नका. पळस किंवा बोर आधीच मोठी झाली असेल तर तिची मुळं भरीत शिरलेली आहेत. ती ओढून काढणं म्हणजे मुळाने केलं नाही तेवढं नुकसान एका दुपारी करणं. नवी रोपं मात्र अंगठ्याएवढी असतानाच कापा. गुरांची मला फारशी चिंता वाटत नाही. चरणीमुळे गवत आटोक्यात राहतं आणि वणव्याची धगही कमी होते. फक्त उंचवट्यावरूनच वाट पडत असेल तर गुराख्यांशी बोलून ती बाजूने वळवा. साळिंदर आणि घुशींची बिळं नोंदवा. बिळाबाहेर आलेल्या मातीत खापराचे कण असतील तर त्याचाही फोटो.

मुरमाच्या खाणीएवढाच धोका सरकारी चांगल्या कामांचा असतो, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. वृक्षलागवडीचे खड्डे, सलग समतल चर, रोजगार हमीची मृदसंधारणाची कामं नेमकी अशाच 'पडीक' माळावर आखली जातात. खड्डे पावसाआधी खणतात, म्हणजे आखणी त्याच्या काही महिने आधी होते. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, या वर्षी कुठल्या कक्षात काम आहे ते विचारा आणि तुमच्या नकाशाची प्रत द्या. वर्तुळांभोवती थोडं अंतर सोडा, एवढी विनंती बहुतेक अधिकारी ऐकतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. चर खणून झाल्यावर मात्र कुणाच्याच हातात काही नसतं.

सारांश एवढाच की आधी परवानगी आणि जमिनीचा कागद, मग दोन स्थिर बिंदू, धोंड्यांचे क्रमांक, दोन काटछेद, दोन जोड्यांच्या मापांतल्या फरकाचा आकडा आणि ठरलेल्या जागेवरून फोटो. दर मे महिन्यात तेच पुन्हा, पावसानंतर एक नजर. सगळी दहा-बारा वर्तुळं पहिल्याच वर्षी करायचा हट्ट धरू नका. मोठं एक आणि खाणीच्या तोंडावरची दोन झाली तरी खूप.

प्रती तीन ठिकाणी ठेवा: शाळेत, ग्रामपंचायतीत आणि राज्य पुरातत्त्वाच्या नागपूर कार्यालयात. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागालाही एक द्या. तिथल्या विद्यार्थ्यांना असं साहित्य हवंच असतं आणि तुम्हाला पुढे जाणती माणसं मिळतील. याशिवाय एका पानावर समूहाचा नकाशा, गट नंबर आणि संपर्काचे फोन असं छापून वनरक्षकाकडे द्या. माळावर रोज फिरणारा तोच. त्याची बदली झाली की नव्या माणसाला तेच पान पुन्हा नेऊन द्यायचं, आणि एकदा त्याच्यासोबत वर्तुळांपर्यंत चालत जाऊन यायचं.